शेऱ्याचा रकाना

आमच्या मिलमध्ये झाडं येत नाहीत.
रद्दी येते. फुटलेली खोकी, तपासून झालेल्या उत्तरपत्रिका,
टाचणी न काढलेल्या पावत्या,
सोनेरी गणपतीच्या लग्नपत्रिका,
ज्यांची लग्नं आता जुनी झालीत.
पल्परच्या पोटात सगळं सारखंच भिजतं.
एक पण झाड तोडलं नाही, मालक पाहुण्यांना सांगतात.
खरं आहे ते.

पाण्याचं मला विचारतात.
सावली रोडवर, फाटकातून डावीकडे, पत्र्याच्या खोलीत
सतरा वर्षं मी घोरपडेबेन.
कोऱ्या चहासारखं पाणी टाकीत येतं,
चुना, तुरटी, मग हवा, मग थांबणं,
शेवटी काचेच्या नळीत
फिकट, गवती चहाइतकं.
"चोख्खुं छे ने, बेन?"
मी मराठीत हो म्हणते,
ते गुजरातीत ऐकतात.

फाटकाशी हौद आहे.
आम्ही शुद्ध केलेल्या पाण्यात मासे जगतात
असं पाटीवर तीन भाषांत लिहिलंय.
तपासणीला येणारे साहेब तिथे वाकतात,
मासे वर येतात,
फोटो होतो.
चार होते. त्यातल्या एकाची शेपटी फाटलेली,
उत्तरायणाला झाडात अडकून महिनाभर राहिलेल्या
पतंगासारखी.
डब्यातल्या पोळीचा शेवटचा तुकडा त्याचा.

सोमवारी शेपटी सांधलेली होती.

अख्ख्या बडोद्यात
माशाला रफू करणारा कोणी नाही,
म्हणून मी सोमाभाई माळ्याला गाठलं.
मांडवीमागच्या दुकानातून, म्हणाला, चाळीसला जोडी,
व्हाउचरवर लिहायचं: बागेला खत.
आणि जुने?
त्यानं खुरप्यानं चाफ्याचं आळं दाखवलं.
"खत तो छे ज ने, बेन."
मला हसू आलं. मग आलं नाही.
चाफा काय फुललाय यंदा.

मंगळवारी रात्री घरी फोन केला आणि थांबले.
अकराला हवेचे पंखे बंद झाले,
शेजारच्या घरातला टीव्ही बंद व्हावा
तसे, कोणाला कळू नये असे.
"वीज मोंघी छे," वेचातभाई म्हणाला, स्विचवरचा हात न काढता.
त्याला पोरं आहेत तीन. मला ठाऊक आहे.
टाकीवर साय धरली,
आंबलेल्या पेजेचा वास आला,
आणि मागच्या पाइपातून नाल्याकडे
अंधारात जे वाहत गेलं
त्याचा रंग मी पाहिला नाही.
आवाज ऐकला.

नाला पुढे विश्वामित्रीला मिळतो.
तिथे मगर ऊन खात पडलेली असते, तोंड उघडं,
पुलावरून कोणी कणीस टाकलं तरी ढिम्म.
मगर जोडीनं विकत मिळत नाही
आळ्यात मावत नाही.

आणि आकडे?
आकडे माझ्याच अक्षरात आहेत.
हद्द तीसची. मी अठ्ठावीस लिहिते. सत्तावीस.
मधूनच एकोणतीस,
म्हणजे खरं वाटावं.
नमुना मी सकाळी दहाला घेते,
पंखे फिरून पाणी ताळ्यावर आल्यावर.
खोटं असं त्यात काही नाही.
हे वाक्य मला इतकं पाठ आहे
की झोपेतही म्हणता येईल.

रजिस्टरचा पुठ्ठा आमच्याच मिलचा, तपकिरी.
तारीख, वेळ, रंग, वास, आकडा.
शेवटचा रकाना शेऱ्याचा,
त्यात सतरा वर्षांचे "ठीक",
एकाखाली एक, इतके सरळ
की दोरी लावून लिहिल्यासारखे.

पहाटे पाचला पंखे सुरू झाले तेव्हा
मी पेन उघडलं.
नमुना: पहाटे चार. आकडा: एकशे बारा.
शेरा: रात्री अकरा ते पाच हवा बंद. मासे नवीन.
"नवीन"मधला न जरा फुटला,
हात ओला होता.

पाच वर्षांनी जुनी रजिस्टरं पल्परमध्ये जातात,
नियमच आहे.
तोवर पाच वर्षं आहेत.

साडेआठला सोमाभाई सायकल काढत होता,
पिशवी हँडलला, तोंडात दातण.
साहेब येणार आज, किती आणू?
मी म्हटलं, राहू दे.
पाटी तेवढी पुसून ठेव.
हौद असू दे रिकामा.